हरनाज जिंकली. तुम्हांला आनंद झाला का? झाला तर नेमका कशाचा?

सोनटक्का | १३ डिसेंबर २०२१, सायं. ७.४०

आज पहाटे साडेपाचला आईने हलवून उठवलं. "अगं मिस युनिव्हर्स आहे, लाव ना." आई ७१ वर्षांची आहे, रिमोटची बटणं अजून माझ्याकडूनच दाबून घेते. इस्रायलच्या एलात गावात चाललेला सोहळा आम्ही दोघींनी पांघरुणात बसून पाहिला. साडेआठच्या आसपास 'इंडिया' असं नाव पुकारलं आणि आई टाळ्या वाजवत उभी राहिली. गुडघेदुखीची गोळी घ्यायची होती, तीही विसरली.

लारा दत्ता २००० च्या मे महिन्यात सायप्रसला जिंकली, तेव्हा ही हरनाज संधू सव्वादोन महिन्यांची होती. म्हणजे तिच्या अख्ख्या आयुष्याएवढा काळ आपण थांबलो होतो, किंवा कुणीच थांबलं नव्हतं. मला नक्की ठरवता येत नाही.

मग घरच्या ग्रुपवर बघा काय झालं. आधी झेंडे आले. मग भाऊ म्हणाला, "कॉस्मेटिक कंपन्यांना भारतात नवीन गिऱ्हाईक पाहिजे असणार." त्यावर वहिनी म्हणाली, "मॅच जिंकली की यांना देश आठवतो, मुलगी जिंकली की अर्थशास्त्र." काकांना ते मांजरीचं म्याव काय प्रकरण होतं ते हवं होतं. आतेबहिणीच्या मते पॅराग्वेची जास्त छान होती. एका मावसभावाने फक्त "उंची किती?" एवढंच विचारलं. त्याचं लग्न व्हायचंय.

माझी लेक तेरा वर्षांची. तिने आजीला सरळ विचारलं, "आजी, तू एवढी खूश का? आपल्याला काय मिळालं?" आई म्हणाली, "चहा टाक." उत्तर दिलंच नाही.

म्हणून तुम्हांला विचारते. आनंद झाला का? कशाचा? नसेल झाला तर तेही सांगा, फक्त भांडू नका (हे लिहायचं म्हणून लिहिलं).

---

पावशेर | १३ डिसेंबर, ८.०२

झाला. सोमवार सकाळच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं साहेब त्यावरच बोलले. माझा रिपोर्ट तयार नव्हता.

---

कोरा_चहा | १३ डिसेंबर, ८.३१

तुमच्या भावाशी सहमत, आणि वहिनींची माफी मागून.

जरा सालं बघा. १९९१ ला अर्थव्यवस्था खुली झाली. १९९४ ला एकाच वर्षात सुश्मिता मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या मिस वर्ल्ड. मग १९९७ ला डायना हेडन, १९९९ ला युक्ता मुखी, २००० ला लारा आणि प्रियांका दोघी. सात वर्षांत सहा मुकुट! त्याआधी १९६६ चा एक सोडला तर शून्य. आपल्याकडच्या बायका १९९४ च्या उन्हाळ्यात अचानक सुंदर झाल्या का? आणि २००० नंतर अचानक कुरूप? शाम्पूच्या पुड्या खेड्यापाड्यातल्या दुकानांत माळेसारख्या लटकल्या, काम झालं, मुकुट यायचे बंद झाले. २०१७ ला मानुषी छिल्लर येईपर्यंत सगळं सामसूम. आता सगळी खरेदी फोनवर गेलीय, पुन्हा गिऱ्हाईक पाहिजे. आनंद कसला करायचा? तिकडे आपला गल्ला मोजतायत.

---

वाटाणा | १३ डिसेंबर, ८.५८

कोरा_चहा, हा हिशोब मीही कॉलेजात असताना दहा वेळा मांडलाय, ऐकणाऱ्यांवर छाप पडते. पण ताळा जुळत नाही.

बाजार बघून मुकुट देतात म्हणता, तर चीनला मिस युनिव्हर्स एकदाही का मिळाला नाही? त्यांचा बाजार लहान आहे? उलट व्हेनेझुएलाला सात वेळा, त्यातही २००८ आणि २००९ लागोपाठ. तिथे कोण एवढी लिपस्टिक विकत घेतं? त्या देशात मुलींना या स्पर्धांसाठी आपल्याकडे कोटाला पोरं तयार करतात तसं तयार करतात. चालणं, बोलणं, दात, सगळं. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही तशी पद्धतशीर तालीम सुरू झाली, निकाल आले. मग बाकीचे देशही शिकले.

आणि १९६६ "सोडला तर" असं कसं? तुमच्या थिअरीला जे टोचतंय तेच सोडायचं होय!

---

कोरा_चहा | १३ डिसेंबर, ९.०५

चीनला मिस वर्ल्ड दोनदा मिळालाय. २००७ आणि २०१२.

---

वाटाणा | १३ डिसेंबर, ९.०९

आणि २००७ ला स्पर्धा त्यांच्याच घरी, सान्याला होती. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, तरी मीच देतो. घ्या, चहात साखर.

---

तिरफळ | १३ डिसेंबर, ९.४४

१९६६ चं नाव कुणी घेईना, म्हणून मीच घेते. रीटा फारिया. आईवडील गोंयचे, ती वाढली मुंबईत. ग्रँट मेडिकलमध्ये डॉक्टरकी शिकत होती. नोव्हेंबर १९६६, लंडन. मिस वर्ल्ड होणारी आशियातली पहिली मुलगी.

आमच्या घरी ही गोष्ट माझी आजी सांगायची, जणू स्वतः बरोबर गेली होती. साडी मैत्रिणीची, स्विमसूटही कुणाकडून मागून आणलेला. ना ट्रेनर, ना डिझायनर. मुकुट मिळाला, वर्षभर जिथे बोलावलं तिथे गेली. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांसमोर विनोदवीर बॉब होपच्या कार्यक्रमात गेली म्हणून आपल्याकडे बरीच बोंबाबोंब झाली. वर्ष संपलं तशी मॉडेलिंग नको, सिनेमा नको म्हणाली आणि परत पुस्तकं उघडली. डॉक्टर झाली, लग्न करून पुढे डब्लिनला स्थायिक झाली.

आता कोरा_चहा, सांगा पाहू, हिने कुणाचा शाम्पू विकला?

आजी शेवटी नेहमी म्हणायची, "आनी परीक्षा पास जाली." मुकुटापेक्षा तिला त्याचंच कौतुक.

---

पावशेर | १३ डिसेंबर, ९.५१

मेडिकलची मुलं सुट्टीत एवढं काही करून येतात आणि मी इंजिनिअरिंगला चार वर्षांत केस गळवले.

---

झणझणीत_तर्री | १३ डिसेंबर, १०.२०

प्रश्नोत्तरांबद्दल कुणीच कसं बोलत नाही? मी वर्षानुवर्षं फक्त त्याच फेरीसाठी बघतो.

माझा अभ्यास सांगतो. १९९४, सुश्मिताला विचारलं, स्त्री असण्याचं सार काय. उत्तरात आई. २०१७, मानुषीला विचारलं, सगळ्यांत जास्त पगार कोणत्या कामाला मिळावा. उत्तरात आई. दोन्ही मुकुट घरी. काहीही विचारलं तरी आई म्हणायचं. हवामान बदल? आई. कच्च्या तेलाचे भाव? आई.

हरनाजने हा नियम मोडला. तिला विचारलं, आजची तरुण मुलं ज्या दडपणाखाली आहेत त्याला तोंड कसं द्यावं. ती म्हणाली, स्वतःवर विश्वास ठेवा, दुसऱ्यांशी तुलना थांबवा, बाहेर या, स्वतःसाठी बोला. आईचा उल्लेखच नाही. तरी जिंकली. माझा अभ्यास पाण्यात.

---

वऱ्हाडी_ठेचा | १३ डिसेंबर, १०.४७

तर्रीभाऊ, आई न म्हटल्याने काय होते ते आम्हांला विचारा. मधु सप्रे. नागपूरची पोरगी. १९९२, बँकॉक. शेवटच्या तिघींत आली. विचारलं, देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काम काय करशील? ती स्वतः खेळाडू. म्हणाली, खेळाचं मोठं स्टेडियम बांधीन. झालं! मुकुट नामिबियाला गेला, आपली तिसरी.

तेव्हा मी दहावीत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत प्रत्येक जण शहाणा झाला होता. पानठेल्यावरचा माणूसही सांगत होता, "गरिबी हटाव म्हणाली असती तर काय जात होतं बे?" जो बाप्या आयुष्यात इंग्रजीत नाव सांगताना अडखळला, तो तिचं इंग्रजी काढत होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटते, त्या शंभर वर्षांच्या स्पर्धांमध्ये एवढं खरं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसन. तिला खरंच मैदान पाहिजे होतं. गरिबी हटवणाऱ्या सगळ्या मुकुट घालून घरी गेल्या, गरिबी इथंच आहे. मैदानही नाही.

---

वाटाणा | १३ डिसेंबर, १०.५५

ठेचाभाऊ, शंभर वर्षं नाही हो झाली. मिस वर्ल्ड १९५१ ची, मिस युनिव्हर्स १९५२ ची. बाकी प्रत्येक शब्दाला +१.

---

बाराखडी | १३ डिसेंबर, ११.१२

इंग्रजीवरून आठवलं. मिस युनिव्हर्समध्ये दुभाषी घ्यायची मुभा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी मुली बिनधास्त स्पॅनिशमध्ये उत्तर देतात, शेजारी उभी बाई भाषांतर करते, कुणाला काही वाटत नाही. मधु सप्रेने मराठीत उत्तर दिलं असतं तर? "आमच्याकडे पोरांना पळायला जागा नाही" हे मराठीत कसं पोटातून आलं असतं!

पण आपल्याच लोकांनी नावं ठेवली असती. "शी, दुभाषी घेतली."

---

झणझणीत_तर्री | १३ डिसेंबर, ११.१८

मराठीत विचारलं असतं तर आपल्या मुलीने "प्रश्न चांगला आहे, पण" म्हणून वीस मिनिटं घेतली असती. जाहिराती कुठे दाखवणार?

---

आजोळ | १४ डिसेंबर, ७.०५

म्यावबद्दल लिहिते, काकांना सांगा. निवेदक स्टीव्ह हार्वी तिला म्हणाला, तू प्राण्यांचे आवाज छान काढतेस असं ऐकलंय, एक काढून दाखव. बाकीच्या मुलींना त्यांच्या कामाबद्दल विचारत होता. ती क्षणभर बावरली, म्हणाली जगाच्या मंचावर हे करावं लागेल असं वाटलं नव्हतं, मग नमस्ते म्हणून म्याव केलं.

काल दिवसभर लोक तिला हसत होते. मला राग त्याचा आला. पाहुण्यांसमोर "बाळा, गाणं म्हणून दाखव" सांगतात तसला प्रकार, आणि हसायचं मात्र बाळाला. हाच तो गृहस्थ, ज्याने २०१५ ला चुकीचं नाव वाचलं होतं. तरी त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. नापास होऊनही वरच्या वर्गात!

---

कडू_कारलं | १४ डिसेंबर, ८.३६

२०१५ चा विषय निघालाच आहे तर. मी तेव्हा आखातात एका इस्पितळात नर्स होते. माझी नाइट होती. आमच्या वॉर्डात सहा जणींतल्या चौघी फिलिपिनो. लास वेगासला रविवारची संध्याकाळ, आमच्याकडे सोमवारची पहाट. पेशंट झोपलेले. स्टेशनमागच्या खोलीत एकीचा फोन सलाइनच्या बाटल्यांच्या खोक्याला टेकवून ठेवलेला, आवाज बंद. पाळीपाळीने एक जण वॉर्डात, बाकीच्या तिथे.

शेवटी दोघी उरल्या, कोलंबिया आणि फिलिपिन्स. कोलंबियाचं नाव आलं. माझी मैत्रीण तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही, ओढणीसारखा मास्क डोळ्यांवर ओढून बसून राहिली. दुसरी म्हणाली चला, सहाची औषधं द्यायचीत. तेवढ्यात हार्वी परत आला, मला माफी मागायचीय म्हणाला. आवाज बंद असल्यामुळे आम्हांला कळेना काय चाललंय! कोलंबियाच्या मुलीच्या डोक्यावर मुकुट आणि कॅमेरा मात्र पिआ वुर्ट्झबाखवर. कुणीतरी आवाज वाढवला. मग जी किंकाळी फुटली, तिने चार नंबरचे आजोबा जागे झाले आणि "आग लागली का" म्हणून विचारायला लागले.

सकाळी ड्यूटी संपल्यावर त्या चौघींनी कँटीनवाल्याकडून केक आणवला. महिनाअखेर नव्हती तरी सगळ्यांच्या पर्सा रिकाम्याच असायच्या, घरी पैसे पाठवलेले असायचे. तरी केक आणला. एक मला म्हणाली, इथे रोज आम्हांला "सिस्टर पाणी, सिस्टर बेडपॅन" एवढंच ऐकू येतं. आज कुणीतरी आमच्या देशाचं नाव घेतलं, आणि चुकून घेतलं नाही, चूक दुरुस्त करून घेतलं.

बाजार वगैरे असेल. मला त्या केकची चव आठवते.

त्या वर्षी आपल्याकडून उर्वशी रौतेला होती, कुठेच नंबर नव्हता. मी त्यांना ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

---

पावशेर | १४ डिसेंबर, ८.५०

या वर्षी तीच उर्वशी परीक्षकांत बसली होती. नापास झालेल्यांना पेपर तपासायला मिळतात हे बघून मला आशा वाटू लागली आहे.

---

इचलकरंजीची_पोर | १४ डिसेंबर, दु. १.१५

कोरा_चहा, तुमच्या त्या बाजाराच्या गोष्टीत माझी मावशी कुठे बसते ते सांगा.

मावशीचा नवरा यंत्रमागावर कामाला होता, हाताला दुखापत झाली आणि घरी बसला. १९९६ ला मावशीने माडीवर पार्लर काढलं. एक आरसा, एक फिरती खुर्ची, भिंतीवर ऐश्वर्याचं कॅलेंडर. भुवया पाच रुपये. पहिले दोन महिने फक्त नात्यातल्या बायका यायच्या, त्याही मागच्या जिन्याने. मोठ्या मामांनी बोलणं टाकलं होतं, "आपल्या घरात हे धंदे" म्हणून. मग गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, मावशीने तिला तयार केलं, फोटो चांगले आले, आणि मागचा जिना बंद झाला. सगळ्या पुढून यायला लागल्या.

त्या खुर्चीवर माझ्या दोन मावसबहिणी शिकल्या. एक आज बँकेत आहे. मोठ्या मामांच्या सुनेचाही मेकअप मावशीनेच केला. पैसे घेतले बरं का, पूर्ण.

बाजार होता, नाही कुठे म्हणते? पण बाजारात माल विकणारेच असतात असं नाही, टोपली घेऊन कोपऱ्यात बसणारीही असते.

उलट बाजूही सांगते. त्याच पार्लरमध्ये आया आपल्या दहा-अकरा वर्षांच्या काळ्या पोरींना घेऊन यायच्या, "हिला काहीतरी लाव, उजळू दे." मावशी हळदीचा लेप लावायची आणि आईला सांगायची की पोरीला उन्हात खेळू द्या, कुणी काही म्हणत नाही. गिऱ्हाईक तुटायचं.

---

कोरा_चहा | १४ डिसेंबर, १.४०

मावशींना माझा नमस्कार. यावर मी काही बोलणार नाही. (थिअरी मागे घेतलेली नाही, फक्त बसलो आहे.)

---

न्यूजर्सीकर | १४ डिसेंबर, रा. ९.३०

काळ्या पोरींवरून. सप्टेंबर २०१३, नीना दावुलुरी मिस अमेरिका झाली. ही जागतिक स्पर्धा नव्हे हे मान्य, पण प्रतिक्रियांचा विषय असेल तर याहून मोठा नमुना मिळायचा नाही. आईवडील तेलुगू, ही इथेच जन्मलेली. अटलांटिक सिटीत मंचावर बॉलिवूड नाच केला, मुकुट मिळाला. अर्ध्या तासात ट्विटरवर लोक तिला अरब म्हणत होते, दहशतवादी म्हणत होते. "हे अमेरिका आहे, इंडिया नव्हे." मी ते वाचत बसलो होतो आणि उद्या ऑफिसात कुणाच्या तोंडाकडे कसं बघायचं हा विचार चालला होता.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे मंडळाच्या गणपतीची आवराआवर होती. सगळे त्या ट्विटवाल्यांवर तुटून पडलेले. तेवढ्यात एक बाई, अगदी प्रेमळ, मसालेभात वाढता वाढता म्हणाल्या, "छानच आहे हो ती. पण आपल्याकडे असती तर पहिल्या फेरीतच गेली असती, रंगामुळे." कुणीच काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच, त्या खरं बोलत होत्या. भारतातल्या वर्तमानपत्रांतही तेव्हा हाच मुद्दा येऊन गेला होता.

गोऱ्यांनी तिला बाहेरची म्हटलं, आणि आम्ही तिला आतली म्हणत म्हणत दारात उभी केली.

---

आजोळ | १४ डिसेंबर, १०.०२

२०१९ ची झोझिबिनी टुन्झी आठवतेय का? दक्षिण आफ्रिकेची, काळीभोर, केस बारीक कापलेले. माझ्या मुलीने तिचा फोटो कपाटाला लावलाय. शेजारच्या आजी येऊन विचारून गेल्या, "हा मुलगा कोण?"

---

मिरजेचा_तंबोरा | १५ डिसेंबर, स. ११.२५

मराठी अभिमानाची खरी बातमी कुणीच दिली नाही म्हणून देतो. हरनाजने शेवटच्या फेरीत घातलेला तो चंदेरी गाऊन सायशा शिंदेने केलाय. आपली सायशा. आधी स्वप्नील शिंदे या नावाने डिझायनर म्हणून प्रसिद्ध, या वर्षाच्या सुरुवातीला तिने आपण ट्रान्स स्त्री आहोत हे जाहीर केलं. त्या गाऊनवरच्या नक्षीला पंजाबच्या फुलकारीचा आधार आहे.

---

बाराखडी | १५ डिसेंबर, ११.४०

हे माहीतच नव्हतं! म्हणजे मुकुट पंजाबचा आणि वस्त्र शिंद्यांचं.

---

खवचट_खोबरं | १५ डिसेंबर, ११.५२

शिंदे 'तो' का 'ती' ते आधी ठरवा, मग अभिमान बाळगू.

---

मिरजेचा_तंबोरा | १५ डिसेंबर, १२.१०

तिने ठरवलंय. तुमचं मत मागवलं होतं असं वाटत नाही.

माझे वडील वाद्यं बनवायचे. तंबोऱ्याला भोपळा कुठल्या गावचा, लाकूड कुणी तासलं, हे गाणारा सांगत नाही, ऐकणारा विचारत नाही. या वेळी निदान शिवणारीचं नाव बातमीत आलं, मला त्याचा आनंद झाला. सोनटक्का, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा.

(सुश्मिताचा मिस इंडियाचा गाऊन दिल्लीत सरोजिनी नगरच्या शिंप्याने शिवला होता, हातमोजे मोज्यांचे केले होते. त्या शिंप्याचं नाव कुणाला ठाऊक आहे?)

---

वाटाणा | १५ डिसेंबर, १२.३०

अवांतर: स्पर्धा इस्रायलमध्ये म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपल्या मुलीचा पाठिंबा काढून घेतला होता. ती तरी गेली, आणि तिसरी आली. तिच्या घरच्या ग्रुपवर काय चाललं असेल?

---

कोरा_चहा | १५ डिसेंबर, १२.४४

आपणही कमी नाही. १९९६ ला मिस वर्ल्ड बंगळुरूला भरली तेव्हा मी तिथे शिकत होतो. संस्कृतीवाले आणि डाव्या महिला संघटना, दोघेही रस्त्यावर. आयुष्यात प्रथमच एका बाजूला दिसले. शेवटी स्विमसूटची फेरी सेशेल्सला नेली. संस्कृती वाचली, समुद्र बदलला.

---

सोनटक्का | १६ डिसेंबर, रा. १०.१५

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवले. म्यावला हसली, केकला डोळे पुसले, खवचट_खोबरं यांचा प्रतिसाद मी गाळला.

तिरफळ, तुमचा रीटा फारियाचा प्रतिसाद वाचला तेव्हा आई गप्प झाली. मग बोलली. १९६६ ला ती सोळा वर्षांची. वर्तमानपत्रात रीटाचा फोटो आला होता. आजोबांनी पेपर वाचला आणि रोज ओसरीवर ठेवायचे तो त्या दिवशी घडी करून स्वतःच्या गादीखाली ठेवला, मुलींच्या हाती पडू नये म्हणून. आईने दुपारी तो काढला, फोटो कापून रसायनशास्त्राच्या वहीत ठेवला. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. वर्गात मास्तर म्हणायचे, ज्यांना आरशात बघायला वेळ आहे त्यांनी सायन्स घेऊ नये. "आणि ही बाई तर दोन्ही करून बसली होती," आई म्हणाली.

आई डॉक्टर झाली नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लग्न झालं. आजोबांना कापलेला पेपर रद्दी घालताना सापडला होता. ते काहीच बोलले नाहीत, एवढंच तिला आठवतं.

लेक विचारत होती तो फोटो कुठे आहे. आई म्हणाली, सासरी येताना वह्या आणल्या नाहीत.

---

तिरफळ | १६ डिसेंबर, १०.४०

सोनटक्का, आईला माझ्या आजीकडून मिठी. (आजी नाही आता. तरी द्या.)

---

पावशेर | १७ डिसेंबर, ९.००

बातमी: मिस वर्ल्ड पुढे ढकलली. प्वेर्तो रिकोला आज पहाटे व्हायची होती, आयत्या वेळी कोरोना निघाला. आपली मानसा वाराणसीही पॉझिटिव्ह. सोनटक्का, आईंना उठवू नका.

---

बाराखडी | ३ एप्रिल २०२२, स. १०.२०

धागा वर काढतेय, माफ करा. हरनाजचे परवाचे फोटो आणि त्याखालच्या कमेंटी पाहिल्या का? "मिस युनिव्हर्स की मिस युनिव्हर्सिटी कँटीन", असल्या. तीन महिन्यांपूर्वी याच लोकांनी झेंडे लावले होते. तिने सांगितलंय की तिला सिलिअॅक आहे, गहू चालत नाही. आधी काडी म्हणून चिडवायचे, आता जाडी म्हणून.

---

उकडीचा_भात | ३ एप्रिल, ११.३५

इथे कधी लिहिलं नव्हतं, वाचत असते. माझ्या मुलीला सिलिअॅक आहे, सहाव्या वर्षी निदान झालं.

गव्हातल्या आणि जवातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून पुष्कळ जण आधी काटकुळे असतात. निदान झालं, पथ्य सुरू केलं की आतडं सावरतं, तेच अन्न अंगी लागायला लागतं आणि वजन वाढतं. आमच्या पोरीचं वजन वाढलं तेव्हा डॉक्टरांनी पेढे मागितले होते. हरनाजचं नेमकं कशाने वाढलं ते तिचे डॉक्टर जाणोत. पण फोटो बघून निदान करणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

काल पाडवा होता. श्रीखंड चाललं, पुरी नाही, तांदळाच्या पिठाचे वडे केले. लग्नाकार्यात पोरगी डबा घेऊन बसते. "एका पुरीने काय होतंय" म्हणणारी एक तरी आत्या असतेच. आणि सगळ्यांत फसवा पदार्थ कोणता माहितीये? हिंग. डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मळलेला असतो. आम्ही वर्षभर सगळं पाळत होतो आणि रोज फोडणीत गहू घालत होतो.

सोनटक्का यांचा प्रश्न आज वाचला. डिसेंबरात मला काही वाटलं नव्हतं, खरं सांगते. पण परवा माझी मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, "आई, मिस युनिव्हर्सला पण माझंच आहे." आता ती डबा लपवून खात नाही.

---

कडू_कारलं | ३ एप्रिल, १२.०१

बिनगव्हाचा हिंग कुठे मिळतो ते सांगाल का? आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, त्याच्या आईला हे माहीतच नसणार.

---

उकडीचा_भात | ३ एप्रिल, १२.१५

खडा हिंग घ्या, तोही विचारून. किंवा तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीवर घटक वाचून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

पावशेर | ३ एप्रिल, १२.२२

मुकुटावरून निघालेला धागा हिंगाच्या डबीवर आला. संपादक, पाककृती विभागात हलवा.

---

सोनटक्का | ३ एप्रिल, १.०५

नका हलवू. आई म्हणते त्या पंजाबच्या मुलीला ज्वारीची भाकरी थापायला कुणीतरी शिकवा. ती स्वतः तयार आहे, फक्त गुडघ्यांमुळे तिला इथे यावं लागेल.